एप्रिल आला तरी बर्फ हटेना: १४ मधपेट्यांचं एक प्रकरण

प्रकरण कशाबद्दल आहे

थंड प्रदेशात छंद म्हणून मधमाश्या पाळणाऱ्या दोघा भावंडांचं हे प्रकरण आहे, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. नावं, ठिकाण, साल काढून टाकलंय. बाकी त्यांच्या नोंदवहीत जे होतं आणि दोघांनी वेगवेगळं बसून जे सांगितलं (ते बऱ्याच ठिकाणी जुळत नाही, असो) त्यावरून हे लिहिलंय. कॅलेंडरवर वसंत सुरू झाला पण बर्फ जमिनीवरून हलत नाही आणि थंडी नेहमीपेक्षा तीन-चार आठवडे लांबते, अशा वेळी पेटीच्या आत काय चाललेलं असतं आणि पाळणाऱ्यानं हात कधी घालायचा, एवढाच विषय. बर्फ डोळ्यांना दिसतो म्हणून सगळी धडपड बर्फाभोवती होते आणि पेटीतली उपासमार दिसत नाही म्हणून ती मागे राहते, माझ्या मते इथे नेमकं तेच झालं.

पार्श्वभूमी

पेट्या १४. जागा म्हणजे एका उताराच्या पायथ्याची खोलगट पट्टी, मागे झाडांची रांग, वारा लागत नाही म्हणून मुद्दाम निवडलेली. तिथे दर हिवाळ्यात बर्फ पडतो, त्याचं कोणाला अप्रूप नाही. साधारण मार्चच्या मध्यापर्यंत तो आटोपतो, हेझल आणि अल्डर या झाडांचे तुरे संपत येतात, मग विलोचं झाड फुलतं आणि माश्यांचा खरा सीझन चालू होतो. शरद ऋतूतली तयारी व्यवस्थित झाली होती, म्हणजे व्हरोआ या माश्यांवरच्या परजीवी किड्यावरचं औषध वेळेत, दाराला उंदीर जाऊ नये म्हणून जाळी, ओल बाहेर जायला वरच्या बाजूला छोटं भोक, आणि चौकटी (ज्यांत पोळं बांधलेलं असतं त्या लाकडी फ्रेम) बघून केलेल्या अंदाजानं प्रत्येक पेटीत १८-२० किलो मध. कागदावर काळजीचं कारणच नव्हतं.

ज्यांना माश्यांची फार माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपियन मधमाशी हिवाळ्यात झोपून वगैरे राहत नाही. बाहेरचं तापमान १४ अंशांच्या खाली जायला लागलं की माश्या एकमेकींना चिकटून एक गोळा बनवतात, पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात, आणि त्यासाठी मध खातात. राणी अंडी घालत नसते तेव्हा गोळ्याच्या मध्यभागी २० अंशांच्या आसपास असलं तरी भागतं. पण एकदा ब्रूड, म्हणजे अंडी, अळ्या, कोष सुरू झालं की तो भाग ३४-३५ अंशांवर ठेवावाच लागतो, रात्र असो की वादळ. तिथून मधाचा खप एकदम वाढतो. नुसत्या गोळ्याला महिन्याला एक-दीड किलो पुरत असेल तर भरपूर ब्रूड असलेली पेटी तेवढं आठवड्यात संपवू शकते. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच फिरतं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अचानक उबदार दिवस आले, दुपारी १२-१३ अंश. माश्या बाहेर पडल्या, पोट साफ करून आल्या (निरोगी माश्या हिवाळाभर पेटीत घाण करत नाहीत, धरून ठेवतात), पायांना हेझलचा पिवळा पराग लावून परतल्या. भाऊ खुश. त्यानं त्या भरात सहा पेट्यांवर परागाच्या वड्या ठेवल्या, हेतू हा की राणीनं लवकर वेग घ्यावा आणि विलो फुलेपर्यंत पेट्या माश्यांनी भरलेल्या असाव्यात. बहिणीला हे पटलं नव्हतं पण तिनं अडवलंही नाही, तिच्या भाषेत "तेव्हा हवाच तशी होती, मला तरी काय माहीत".

अडचण काय झाली

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवसांत ३५-४० सेंटिमीटर बर्फ पडला. त्याचंही काही नाही, मार्चमध्ये बर्फ पडतोच, चार दिवसांत जातो. हा गेला नाही. दुपारचं तापमान शून्याच्या आगेमागे, निरभ्र रात्री उणे १०-१२, मधे दोनदा वरून थोडी भर पडली, दुपारी वरचा थर किंचित ओला व्हायचा आणि रात्री गोठून कडक पापुद्रा व्हायचा. असं करत एप्रिलचा पहिला आठवडा उलटला. म्हणजे फेब्रुवारीत राणीनं ज्या हिशोबानं अंडी वाढवली होती तो हिशोबच मोडला, आत ब्रूड, बाहेर एक फूल नाही, पाणी आणायला बाहेर पडलेली माशी परत येत नाही, आणि गोळ्याला ब्रूड सोडून हलता येत नाही.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात वाईट. थंडीत गोळा ब्रूडला धरून बसतो, आणि हाताशी असलेला मध संपला की दोन चौकटी पलीकडे भरलेला मध असूनही माश्या तिथपर्यंत जाऊ शकत नाहीत, कारण गोळ्यातून सुटलेली माशी ८-१० अंशांच्या खाली गारठून तिथेच पडते. मधाने भरलेल्या पेटीत उपाशी मरणं ऐकायला खोटं वाटतं पण थंड प्रदेशातल्या पाळणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं.

बर्फ हटत का नव्हता

ऊन तर होतं, आणि हेच दोघांना चक्रावत होतं. २०-२१ मार्चला सूर्य जेवढा वर असतो तेवढाच २२-२३ सप्टेंबरला असतो, आणि सप्टेंबरात त्याच उन्हात लोक बाह्या दुमडून फिरतात. फरक जमिनीचा आहे. ताजा बर्फ पडलेल्या उन्हातलं ८०-९० टक्के परत फेकतो, जुना मळका दाणेदार बर्फ निम्म्याच्या आसपास. जे थोडं शोषलं जातं ते वितळवण्यात खर्च होतं, शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून बर्फ आहे तोवर त्याला टेकलेली हवा शून्याच्या फार वर जातच नाही. रात्री तर अजूनच वाईट, बर्फ उष्णता बाहेर टाकण्यात पटाईत असतो, आकाश मोकळं असलं की पृष्ठभाग झपाट्यानं गार होतो, खालून जमिनीची ऊब वर येत नाही कारण मधे तोच बर्फ गोधडीसारखा, आणि ती गार जड हवा उतारावरून घरंगळत सगळ्यात खोल जागी जाऊन बसते. आणि त्या खोल जागी होत्या या १४ पेट्या.

बहिणीनं मार्चच्या मध्यात एक थर्मामीटर पेट्यांच्या स्टँडला बांधला, तोवर सगळे आकडे घराच्या भिंतीवरच्या थर्मामीटरचे होते. निरभ्र रात्री दोन्हीत चार-पाच अंशांचा फरक निघाला. वाऱ्यापासून आडोसा म्हणून घेतलेली जागा शांत रात्री थंडीचं तळं होत होती, आणि हे इतकी वर्षं कळलं नव्हतं कारण बर्फ वेळेवर जायचा.

असे वसंत अधूनमधून येतातच. मार्च २०१३ घ्या, ब्रिटनमध्ये १९६२ नंतरचा सगळ्यात थंड मार्च होता तो. त्या जानेवारीत ध्रुवावरच्या स्ट्रॅटोस्फिअरमध्ये (हवेच्या वरच्या थरात) अचानक तापमान वाढून ध्रुवीय भोवरा, म्हणजे थंड हवा ध्रुवाभोवती धरून ठेवणारे वारे, विस्कटला होता, असं झालं की पुढचे काही आठवडे उत्तरेकडची थंड हवा खाली उतरायची शक्यता वाढते, २०१८ च्या फेब्रुवारीतही तसंच झालं होतं. पण हे सगळं नंतर वाचायला बरं, पेटीसमोर उभं असताना त्याचा उपयोग एवढाच की "उद्या जाईल" हे गृहीत धरू नये.

पहिला निर्णय: पेट्यांवरचा बर्फ काढायचा का

भावाचं म्हणणं, सगळ्या पेट्या मोकळ्या करू, गाडल्या गेल्यात, गुदमरतील. बहीण म्हणाली राहू दे. इथे ती बरोबर होती. ताज्या बर्फात ९० टक्के किंवा जास्त हवाच असते, त्यातून पेटीला पुरेशी हवा मिळत राहते, आणि बाहेर उणे १२ असताना बर्फाखालची पेटी उघड्या पेटीपेक्षा सुखात असते. शिवाय फावड्यानं खरडताना पेटीला बसणारे धक्के वेगळेच, प्रत्येक धक्क्याला काही माश्या गोळ्यातून सुटून खाली पडतात.

फक्त दार हा अपवाद. वितळून परत गोठलेला पापुद्रा दारावर बसला की मात्र हवा जात नाही, आणि आतून मेलेल्या माश्यांचा ढीगही त्याच दारात अडकतो. तडजोड अशी झाली की पेटीच्या अंगावरचा बर्फ तसाच ठेवायचा, दर दोन-तीन दिवसांनी फक्त दारासमोरचा हातानं बाजूला करायचा, आणि वाकवलेल्या तारेनं दारातल्या मेलेल्या माश्या हळूच ओढून काढायच्या. या निर्णयात सुधारण्यासारखं मला काही दिसत नाही.

दुसरा निर्णय: राख

उन्हाच्या दिवशी दोन-चार डझन माश्या बाहेर यायच्या, चकाकत्या बर्फावर गोंधळायच्या, उतरायच्या आणि तिथेच गारठायच्या. बर्फावर काळे ठिपके बघून भाऊ कासावीस झाला. (यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माश्या असतात, तशाही मरणारच असतात, पण ते त्या क्षणी कोणाला समजावणार.) त्यानं शेकोटीची राख आणून दारांसमोर पसरली. गडद पृष्ठभाग ऊन शोषतो, बर्फ लवकर बसतो, हे खरं आहे आणि जुनी रीतही आहे. पण राख पातळ, भुरभुरलेली हवी. घाईत काही ठिकाणी त्यानं बादली तशीच ओतली, दोन-तीन सेंटिमीटरचा थर झाला, आणि तिथला बर्फ सगळ्यात शेवटी गेला, कारण जाड थर उष्णता खाली पोचूच देत नाही. ढिगाऱ्याखाली झाकलेला हिमनदीचा बर्फ जास्त टिकतो तो याच कारणानं. चार पेट्यांसमोर राखेऐवजी पेंढा पसरला होता, तिथे माश्यांना निदान उतरायला कोरडी जागा मिळाली, आणि ते राखेपेक्षा सोपं होतं.

राखेनं नुकसान काही झालं नाही. पण जवळजवळ दहा दिवस दोघांचं लक्ष, वेळ आणि भांडणं सगळी बर्फाभोवती होती, आणि त्या दहा दिवसांत पेट्यांचं वजन कोणी बघितलं नाही.

तिसरा निर्णय: थांबायचं की खायला घालायचं

हा मुख्य प्रसंग. २० मार्चच्या सुमारास बहिणीच्या मनात शंका आली की मध कमी पडत असेल. पर्याय काय होते ते बघा. पहिला, काही न करणं, चार दिवस थांबणं, कारण हवामानाच्या अंदाजात पाचव्या दिवशी ९ अंश दिसत होते. दुसरा, साखरेचा पाक देणं. तिसरा, पेटी उघडून मधाच्या चौकटी गोळ्याजवळ सरकवणं. चौथा, वरून कोरडी साखर किंवा फाँडंट (साखरेचा मऊ घट्ट गोळा) ठेवणं.

पाक लगेच बाद झाला आणि ते योग्यच, १० अंशांच्या खाली माश्या थंड पाकाला तोंड लावत नाहीत, वर पेटीत ओल वाढते ती वेगळी. चौकटी सरकवायच्या तर पेटी पूर्ण उघडायला हवी. यावरून जो संवाद झाला तो दोघांनीही मला जवळजवळ सारखाच सांगितला:

"ताई, एकदा उघडून बघूया ना, पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटं म्हणतोस आणि मग चौकट चौकट काढून बघत बसतोस. ब्रूड गारठलं तर तू ऊब देणार आहेस का?"

आणि मग थांबायचं ठरलं. अंदाजातला ९ अंशांचा दिवस जवळ येता येता ५ झाला, मग २, आणि पुढच्या आठवड्यात नवा ९ दिसायला लागला. परत थांबले. अंदाज लबाड होता असं नाही, तो जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचा असतो आणि आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यासाठी असतो, बर्फानं भरलेल्या एका खोलगट जागेसाठी नसतो. पण दोघंही त्या आकड्याला तारीख समजून बसले होते, आणि प्रत्येक वेळी थांबण्याचं कारण वाजवीच वाटायचं, चार दिवसांचाच तर प्रश्न होता ना.

२६ मार्चला चार नंबरच्या पेटीवर कान लावून टकटक केलं तर आतून काहीच आवाज नाही. उघडली. गोळ्याच्या जागी माश्या तशाच, कप्प्यांत डोकं खुपसून मेलेल्या, खाली तळपाटावर ओंजळी ओंजळी, आणि तीन चौकटी पलीकडे बंद केलेला मध. दुसऱ्या दिवशी अकरा नंबर तशीच निघाली. दोन्ही पेट्या फेब्रुवारीत सगळ्यात जोमदार होत्या, दोन्हींवर परागाच्या वड्या होत्या.

तेव्हा कुठे त्यांनी आपल्या जुन्या सरांना फोन केला, ज्यांच्याकडे दोघं शिकले होते. सरांनी विचारलं वजन किती भरतंय. मोजलं नव्हतं. सर भावाला म्हणाले, "अरे, उघडायची भीती वाटते ना, मग उचल. उचलायला झाकण काढावं लागत नाही."

मग काय केलं

सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घेतला, तळपाटाच्या एका बाजूला अडकवून पेटी जेमतेम बोटभर उचलायची, आकडा लिहायचा, मग दुसरी बाजू, दोन्हींची बेरीज म्हणजे ढोबळ वजन. १२ पेट्यांना तासही लागला नाही. सगळ्यात जड ३१ किलो, सगळ्यात हलकी १७. रिकामी पेटी, चौकटी, मेण, माश्या धरून १५-१६ होतात, म्हणजे १७ वालीत किलो-दोन किलो मध शिल्लक. पाच पेट्या २० च्या खाली निघाल्या.

त्या पाचांना त्याच दुपारी, उणे एक अंश असताना, कोरडी साखर दिली. वारा नव्हता हे बघितलं. रीत अशी की झाकण काढायचं, चौकटींवर थेट गोळ्याच्या डोक्यावर वर्तमानपत्राचा एक कागद, कडेनं माश्यांना वर यायला जागा सोडून, त्यावर दीड-दोन किलो साधी पांढरी साखर, वरून पाण्याचा हलका फवारा म्हणजे साखर धरून बसते, आणि झाकण बंद. एक उघडतोय, दुसरी तयारीत, पेटीमागे मिनिट-दीड मिनिट. एकही चौकट उचलली नाही. पेटीत वर साचणारी ओल साखर शोषते आणि माश्या ती ओलसर साखर खातात, म्हणजे पाण्यासाठी बाहेर जाणंही थोडं वाचतं. तीन दिवसांनी बघितलं तर पाचपैकी चार ठिकाणी कागद कुरतडून माश्या साखरेवर आल्या होत्या.

बहिणीनं नंतर सांगितलं की तिला सगळ्यात जास्त राग या दीड मिनिटाचा आला. २० तारखेला "उघडायची की नाही" असा प्रश्न होता तेव्हा दोघांच्या डोक्यात उघडणं म्हणजे चौकटी काढून तपासणं होतं, नुसतं झाकण उचलून बंद करणं हा पर्याय चौथ्या नंबरावर होता आणि त्यावर नीट बोलणंच झालं नव्हतं.

नऊ नंबरची पेटी वेगळीच भानगड होती, मध बऱ्यापैकी पण माश्या मूठभर. एवढा छोटा गोळा ब्रूडला ऊब देऊ शकत नाही. दुसऱ्या पेटीत मिसळायची म्हणजे थंडीत दोन्ही गोळे मोडायचे. सरांनी सुचवलं की दोन नंबरच्या ताकदवान पेटीच्या डोक्यावर दुहेरी जाळीची फळी टाका आणि त्यावर नऊ नंबर ठेवा, खालची ऊब वर जाईल, माश्या एकमेकींत मिसळणार नाहीत, दार वेगळं. केलं तसं. ती पेटी जगली, आणि एप्रिलच्या शेवटी कळलं की तिची राणी फक्त नर जन्माला घालणारी अंडी घालतेय. नर काही काम करत नाहीत आणि नव्या कामकरी माश्या येणार नाहीत, म्हणजे पेटी गेल्यातच जमा, सगळी मेहनत वाया. पण मार्चमध्ये हे ओळखायला चौकटी काढाव्या लागल्या असत्या, त्यामुळे या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही.

परागाचा प्रश्न उरला. पराग नसेल तर दाया माश्यांना अळ्यांसाठी आहार तयार करता येत नाही, आणि टंचाई वाढली की त्या अळ्याच खाऊन टाकतात. जड असलेल्या तीन पेट्यांना चमचा-दोन चमचे वडी देत राहायचं ठरलं, यावेळी अट अशी की दिली तर बाहेर पराग मिळेपर्यंत थांबवायची नाही. हलक्या पेट्यांना मुद्दाम दिली नाही, तिथे ब्रूड वाढू नये हेच बरं होतं.

निकाल

११ एप्रिलला बर्फ पेट्यांपासून हटला आणि आठवड्याच्या आत दुपारी १८ अंश. १४ पैकी १० पेट्या राहिल्या. गेलेल्या चारांपैकी दोन उपासमारीनं, एक ती नर अंड्यांची, आणि एक सहा नंबर, जिच्या दर्शनी भागावर सगळीकडे तपकिरी डाग होते. इतके आठवडे बाहेर जायला न मिळाल्यानं पोट बिघडलेलं, सरांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर नोसीमा या माश्यांच्या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचे बीजाणू भरपूर. त्या पेटीच्या चौकटी त्यांनी दुसऱ्या पेट्यांना दिल्या नाहीत, हे चांगलं केलं.

पण नुकसान मेलेल्या पेट्यांवरून मोजलं तर अर्धंच दिसतं. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला २१ दिवस, त्यानंतर साधारण तीन आठवडे ती पेटीतच काम करते, मग बाहेर जाते. म्हणजे एप्रिलच्या मध्याला विलोवर जी माशी हवी तिचं अंडं मार्चच्या सुरुवातीला पडलेलं असतं, नेमक्या ज्या अळ्या मार्चमध्ये गारठल्या किंवा खाल्ल्या गेल्या त्याच या. आणि शरदात जन्मलेल्या, दीर्घायुषी हिवाळी माश्या तोवर थकून मरत होत्या. त्यात झाडांनीही उशीर भरून काढला, विलो, मेपल, डँडेलायन, एरवी एकामागून एक येतात ते जवळजवळ एकत्र फुलले. बाहेर मकरंदाचा पूर आणि पेटीत गोळा करायला माश्या नाहीत. विलोवरून दहापैकी सात पेट्यांनी फक्त स्वतःपुरतं आणलं. साखर न लागलेल्या तीन जड पेट्या मात्र इतक्या सुसाट वाढल्या की मेच्या मध्यातच त्यांतल्या एकीतून थवा उडाला (राणी बऱ्याच माश्या घेऊन नवं घर शोधायला निघाली).

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, शरदात वजन करून ठेवायला हवं होतं. चौकटी बघून "१८-२० किलो असेल" हा अंदाज होता, आकडा नव्हता, त्यामुळे मार्चमध्ये तुलना करायला काही नव्हतं. आता ते ऑक्टोबरपासून दर तीन आठवड्यांनी आणि फेब्रुवारीनंतर दर आठवड्याला दोन्ही बाजूंनी उचलून लिहितात. आणि त्याहून महत्त्वाचं, आधीच ठरवलेली रेघ आहे: पेटी २१ किलोच्या खाली आली की साखर, हवामानाचा अंदाज काहीही म्हणो. हा आकडा त्यांच्या पेटीच्या मापाचा आहे, दुसऱ्यानं तसाच उचलू नये. थंडीत उभं राहून, कुडकुडत, भांडत निर्णय घ्यायचा म्हटलं की माणूस थांबण्याकडेच झुकतो, म्हणून रेघ आधी आखलेली बरी.

२० मार्चलाच साखर दिली असती तर चार आणि अकरा नंबर वाचल्या असत्या का? बहुतेक हो, निदान चार तरी, तिच्यात माश्या भरपूर होत्या. खर्च होता पेटीमागे दीड मिनिटाची ऊब आणि थोडी साखर. समजा दिली असती आणि पाचव्या दिवशी खरंच ९ अंश आले असते, तरी बिघडलं काय असतं, उरलेली साखर काढून पुढे पाकाला वापरता आली असती. दोन्ही बाजूंच्या चुकीची किंमत इतकी वेगळी असताना थांबण्याला "सुरक्षित पर्याय" म्हणणं मला पटत नाही.

फेब्रुवारीतल्या वड्यांबद्दल दोघांचं अजून एकमत नाही. बहीण म्हणते वड्या मिळालेल्या सहांपैकी दोन उपाशी मेल्या, न मिळालेल्या आठांपैकी एकही नाही, अजून काय पुरावा हवा. भाऊ म्हणतो त्या सहा मुळातच सगळ्यात ताकदवान होत्या, ब्रूड वड्यांशिवायही वाढलंच असतं, हेझल फुलला होता की. एवढ्याशा पेट्यांवरून कोण बरोबर ते ठरत नाही, पण उबदार आठवडा बघून अंड्यांना जोर द्यायचा असेल तर त्याच दिवशी गोळ्याच्या डोक्यावर साखरेचा साठाही ठेवायला हवा होता, एवढं भाऊही मान्य करतो.

नोसीमाच्या पेटीचं काही करता आलं असतं असं वाटत नाही. बर्फ-राखेवर गेलेल्या दहा दिवसांचं म्हणाल तर दारं मोकळी ठेवणं आणि पेंढा टाकणं एवढं पुरलं असतं, बाकी बर्फाला त्याच्या वेळेवर सोडून.

जागेचा प्रश्न चालू आहे. थर्मामीटरचे आकडे बघून भावाला सगळ्या पेट्या उताराच्या मध्यावर न्यायच्या होत्या, बहिणीचं म्हणणं तिथे वारा आहे आणि ओल्या थंड वाऱ्यात पेटी उणे दहाच्या शांत रात्रीपेक्षा जास्त मध जाळते. शेवटी सहा पेट्या वर नेल्यात, मागे पेंढ्याच्या गठ्ठ्यांची भिंत रचलीय, चार खालीच आहेत, आणि दोन्हीकडे थर्मामीटर आणि तोच काटा. निदान दोन-तीन हिवाळे जाऊ द्यावे लागतील, एका हिवाळ्याच्या आकड्यांवर ताई ऐकणार नाही, असं भाऊच सांगत होता.